लोकसंख्येची वजाबाकी

लोकसंख्या हा शब्द उच्चारला की वाढीचाच विचार प्रथम मनात येतो. खाणारी तोंडे अधिक, धान्य अपुरे, वस्ती दाटीची, हे चित्र आपल्या परिचयाचे आहे. घटत्या लोकसंख्येकडे आपले लक्ष सहसा जात नाही. आणि गेलेच, तर तेवढा भार हलका झाला असे आपण मानतो. हा समज कितपत खरा आहे, याचा विचार महाराष्ट्रातील एका उदाहरणावरून करावा असे मी योजिले आहे.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. तीन जिल्ह्यांत मात्र ती घटली. रत्नागिरीत सुमारे ८२ हजार माणसे कमी झाली, सिंधुदुर्गात सुमारे १९ हजार, आणि मुंबई शहर जिल्ह्यात अडीच लाख. वजाबाकीचे चिन्ह तिन्ही ठिकाणी एकच. अर्थ मात्र एक नाही. मुंबईत गिरण्या बंद पडल्या, जागांचे भाव चढले, आणि कुटुंबेच्या कुटुंबे उपनगरांकडे व त्यांपलीकडे ठाणे जिल्ह्यात गेली. त्या वेळच्या अविभक्त ठाणे जिल्ह्याची वस्ती याच दशकात ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर पोहोचली.

कोकणची कथा याहून जुनी आहे. जमीन डोंगरउताराची, तीही तुकड्यातुकड्यांची. भाताचे पीक निघाले की हाताला काम नाही. म्हणून घरचा कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत वा गोदीत, आणि घर मनिऑर्डरीवर, अशी रीत कित्येक पिढ्या चालली. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ साली दर हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया होत्या. साऱ्या राज्यात हे प्रमाण ९२९ होते. या आकड्यात स्त्रियांच्या सुस्थितीपेक्षा पुरुषांची अनुपस्थितीच अधिक दिसते.

आता आरोग्याकडे वळू. गावातून जाणारा माणूस बहुधा तरुण व धडधाकट असतो. मागे राहतात ते वृद्ध, दुखणाईत, आणि ज्यांना गाडीभाड्याची व शहरातील निवाऱ्याची सोय करता येत नाही असे अतिदरिद्री. बाहेर पडण्यासही थोडे भांडवल लागतेच. अशा गावात एकाही माणसाची प्रकृती पूर्वीपेक्षा बिघडली नाही, तरी दर हजारी मृत्यूंचे प्रमाण वाढलेले दिसेल. कारण ज्यांच्यामुळे सरासरी चांगली राहत होती ते निघून गेले. उलट, तरुणांची भर पडलेले शहर कागदावर अधिक निरोगी दिसेल. गिरणीच्या काळात तर आणखी एक फेरा होता. क्षयाने वा म्हातारपणाने हातपाय थकले की कामगार गावी परते. श्रम शहराला मिळत, शुश्रूषा गावाला करावी लागे.

म्हणून नुसत्या मृत्यूच्या आकड्याने फसू नये. २०२० साली केरळात दर हजारी सुमारे ७ मृत्यू होते, तर बिहारात साडेपाचांच्या आतच. म्हणून बिहार केरळापेक्षा निरोगी, असे कोणी म्हणेल काय? त्याच वर्षी जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी केरळात ६ आणि बिहारात २७ बालके वर्षाच्या आत दगावत होती. केरळात वृद्ध अधिक आहेत, एवढाच त्या पहिल्या आकड्याचा अर्थ.

हा केवळ गणिताचा वाद नव्हे. आपल्याकडे मैदानी प्रदेशात ३० हजार, आणि डोंगराळ वा आदिवासी प्रदेशात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असे प्रमाण ठरलेले आहे. माणसे घटली की या हिशेबाने केंद्राची गरजही घटते. प्रत्यक्षात मात्र उलट घडते. उरलेल्यांत वृद्ध अधिक, म्हणजे औषधोपचाराची गरज माणशी अधिक. घाटी उतरून मोटार-थांब्यापर्यंत जायचे अंतर तेवढेच, आणि हात धरून नेणारा मुलगा किंवा पुतण्या घरात नाही. जेथे वस्ती वेगाने वाढते, तेथे जुन्या शिरगणतीवर बेतलेले दवाखाने व नळ अपुरे पडतात. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही, त्यामुळे पुढेही कित्येक वर्षे योजनांना २०११ च्याच आकड्यांवर विसंबावे लागले, ही गोष्ट दोन्ही ठिकाणी सारखीच जाचक ठरली.

तेव्हा एखाद्या तालुक्याची लोकसंख्या किती वाढली वा घटली, एवढे विचारून थांबणे पुरेसे नाही. कोण गेले, कोण राहिले, राहिलेल्यांचे वय काय, त्यांच्या चुलीला आधार कशाचा, आणि दवाखाना त्यांच्यापासून किती दूर, हे प्रश्नही विचारले पाहिजेत. सोयी वाटताना माणसांच्या संख्येबरोबर वय, दारिद्र्य आणि अंतर यांनाही हिशेबात स्थान मिळाले, तर गाव सोडून न गेलेल्या माणसाला न जाण्याची शिक्षा भोगावी लागणार नाही.