लेफ्टनंटला पलटण मिळते कशी?

लाखनीतल्या एखाद्या घरचा मुलगा लेफ्टनंट झाला, की पहिला प्रश्न ठरलेला: पोस्टिंग कुठं? कामठीला गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे, तिथंच मिळालं तर बरं, असं आईला वाटणारच.

देहरादूनच्या लष्करी अकादमीत प्रशिक्षणार्थी पायदळ, तोफखाना, सिग्नल्स असा पसंतीक्रम लिहून देतो. गुणवत्ता आणि रिकाम्या जागा पाहून वाटप होतं. वडिलांची पलटण मागण्याचीही सोय आहे, मिळेलच असं नाही. प्रांताचा मात्र संबंध नाही. मनोज नरवणे पुण्याचे. १९८० साली त्यांना मिळाली शीख लाइट इन्फंट्री. अशा वेळी जवानांची भाषा अधिकाऱ्यानं शिकायची, उलट नव्हे! हेच नरवणे २०१९च्या अखेरीस लष्करप्रमुख झाले.

पुढच्या बदल्या दिल्लीतली मिलिटरी सेक्रेटरी शाखा ठरवते. साधारण दोन-तीन वर्षं सीमेवर, मग शांत ठाण्यावर. लेफ्टनंट कर्नलची बढती १३ वर्षांच्या सेवेनंतर मिळते. कर्नलसाठी मात्र निवड मंडळ बसतं. जागा मोजक्याच असतात, त्यामुळं चांगले चांगले अधिकारीही तिथंच थांबतात.