चार तासांचं अंतर

आज एका मुलीची गोष्ट सांगणार आहे. मुलगी आपल्याकडची नाही, अमेरिकेतली आहे. खेळही आपल्याकडे फारशी गर्दी न खेचणारा, बास्केटबॉल. पण मी अठ्ठावीस वर्षं तालुक्याच्या एका शाळेत मुलींना हाच खेळ शिकवला. त्यामुळे ही हकीकत कळली तेव्हा ती मला परक्या देशातली वाटली नाही. का, ते पुढे येईलच.

मुलीचं नाव एलेना डेल डॉन. डेलावेअर नावाच्या चिमुकल्या राज्यात विल्मिंग्टन शहर आहे, तिथली. उंची सहा फूट पाच इंच. इतक्या उंच मुली सहसा बास्केटखाली उभ्या राहून खेळतात, हिचा हात मात्र लांबूनही अचूक. शाळेत असताना तिने लागोपाठ ऐंशी फ्री थ्रो एकही न चुकवता टाकले होते. ऐंशी! आमच्या मैदानावर एखादीने सलग दहा टाकले की आम्ही टाळ्या वाजवायचो. ती सातवीत होती तेव्हाच नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने तिला शिष्यवृत्ती देऊ केली होती. सातवीतल्या मुलीला कॉलेज! शाळा संपेपर्यंत देशातल्या शालेय खेळाडूंत ती पहिल्या क्रमांकाची मानली जाऊ लागली, आणि तिने निवडलं ते कनेक्टिकट विद्यापीठ. मुलींच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये या विद्यापीठाचा दबदबा मोठा. जिनो ऑरिएमा यांच्या हाताखाली तोवर पाच राष्ट्रीय विजेतेपदं झालेली. तिथे जागा मिळणं म्हणजे सोनं झालं असं कुणीही म्हणेल.

जून २००८ मध्ये ती तिथे राहायला गेली. आणि दोन दिवसांत घरी परत आली.

दोन दिवस. सामना नाही, हंगाम नाही. सामानही नीट लावून झालं नसेल. त्या उन्हाळ्यात तिने शिष्यवृत्ती सोडली आणि घराजवळच्या डेलावेअर विद्यापीठात नाव घातलं. तेही बास्केटबॉलसाठी नाही, तर व्हॉलीबॉल खेळायला! शाळेच्या शेवटच्या वर्षी ती तो खेळ खेळली होती, तेवढाच काय तो अनुभव.

लोकांना कारण हवं असतं. तिने तेव्हा सांगितलं ते असं, की बास्केटबॉलचा कंटाळा आलाय, लहानपणापासून खेळून खेळून मन विटलंय. ते खोटं नव्हतं. कोवळ्या वयात मोठ्यांच्या अपेक्षांचं ओझं घेऊन धावणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. एक दिवस त्या चेंडूकडे बघतसुद्धा नाहीत. पण ते सगळं कारणही नव्हतं, हे पुढे तिनेच मोकळेपणाने सांगितलं. खरं कारण घरात होतं. तिची थोरली बहीण.

ही बहीण जन्मापासून दृष्टिहीन आहे, तिला ऐकू येत नाही, आणि तिला सेरेब्रल पाल्सी आहे. तिला जग कळतं ते दोनच वाटांनी. स्पर्श आणि वास. हातात हात घेतला, जवळ बसलं, मिठी मारली की तिला कळतं की आपली बहीण आली.

आता स्टॉर्स ते विल्मिंग्टन हे अंतर पाहा. कनेक्टिकट विद्यापीठ ज्या गावात आहे ते स्टॉर्स. मोटारीने चारेक तास. आपल्या हिशेबाने मुंबई-कोल्हापूर म्हणा. अमेरिकेसारख्या देशात हे काही अंतर नव्हे. बाकी मुली काय करतात? रात्री घरी फोन लावतात, आईशी बोलतात, दोन अश्रू ढाळतात आणि झोपतात. पत्र आहे, फोन आहे, आता तर फोनवर चेहरेही दिसतात. एलेनाला यातलं काहीच चालणार नव्हतं. ज्या बहिणीला आवाज पोचत नाही, अक्षर पोचत नाही, चेहरा पोचत नाही, तिच्यापाशी चार तासांवरून पोचायचं कसं? ती घरी नसली की बहिणीच्या लेखी ती नाहीच. तिच्यासाठी ते चार तास म्हणजे सातासमुद्रापलीकडचं अंतर होतं. तेव्हा सगळे म्हणत होते की पोरगी घरच्या आठवणीने रडते आहे, होईल सवय. ज्याला सवय होण्याचं औषध लागू पडत नाही असंही दुखणं असतं, हे कुणाच्या ध्यानात येणार?

खेळाडूच्या निर्णयात घरच्यांचा वाटा म्हटलं, की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र येतं. मैदानाच्या कडेला उभं राहून ओरडणारे वडील, किंवा ‘पुरे झाला आता खेळ’ म्हणणारी आई. मी दोन्ही प्रकार भरपूर पाहिले. पण इथे घरच्यांनी तिला परत बोलावलं नव्हतं. आणि जिच्यामुळे ती परतली, तिने तर ‘ये’ असं म्हणणंही शक्य नव्हतं. म्हणूनच हा प्रभाव कुणाला दिसला नाही. दबाव असता तर लोकांना तो चटकन कळला असता.

इथे मला माझी एक गोष्ट सांगायला हवी. १९९६ साल असेल. माझ्या हाताखाली एक मुलगी होती, आमच्या भागात क्वचित दिसणाऱ्या उंचीची, आणि उडी अशी की चेंडू खाली येण्याआधी हिच्या हातात. जिल्हा, विभाग, राज्य असं सगळं खेळली. खेळाडूंच्या राखीव जागेतून तिला मोठ्या शहरातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला, होस्टेल मिळालं. तिच्या वडिलांबरोबर मी स्वतः शहरात जाऊन आले होते. नवव्या दिवशी तिची आई दारात उभी. “बाई, पोरगी आली परत.”

दुसऱ्या दिवशी ती मैदानावर आली होती. स्वतःहून आली होती, हे मी तेव्हा लक्षात घ्यायला हवं होतं. मी सगळ्या मुलींसमोर तिला म्हटलं, “तुझी जागा दुसऱ्या एखाद्या पोरीला मिळाली असती, तर तिने सोनं केलं असतं.” ती काही बोलली नाही. चपला घातल्या आणि गेली. त्यानंतर ती कधी मैदानावर दिसली नाही. का परत आलीस, एवढं साधं मी विचारलं नव्हतं. मी तिची बाई होते, मला कारण माहीतच आहे असं मी धरून चालले होते.

तर एलेनाकडे परत येऊ. डेलावेअर विद्यापीठ तिच्या घरापासून मोटारीने अर्ध्या तासावर. तिथे तिने एक हंगाम व्हॉलीबॉल खेळून काढला. बास्केटबॉलच्या तिथल्या प्रशिक्षकांना मोह झाला नसेल का? अर्धा देश जिच्या मागे लागला होता ती मुलगी त्याच आवारात दुसऱ्याच चेंडूवर हात मारते आहे! पण तिला वेळ मिळाला. आणि २००९ मध्ये ती आपण होऊन बास्केटबॉलकडे परतली. चार हंगाम खेळली. मधे लाइम नावाच्या आजाराने तिला फार छळलं, तरी खेळली. २०११-१२ मध्ये सामन्यामागे सरासरी २८.१ गुण, देशात सर्वांत जास्त. ज्या संघाचं नाव राज्याबाहेर फारसं कुणी घेत नव्हतं, त्या संघाच्या सामन्यांना तिकिटं मिळेनाशी झाली.

कुणी म्हणेल, पण तिने गमावलं किती! बरोबर आहे, ते लपवायचं कारण नाही. २००८-०९ आणि २००९-१० या दोन्ही हंगामांत कनेक्टिकटचा संघ एकही सामना हरला नाही. दर वर्षी ३९ पैकी ३९, आणि दोन्ही वर्षी राष्ट्रीय विजेता. ती तिथे राहिली असती तर ती पदकं तिच्या कपाटात असती. डेलावेअरबरोबर तिला राष्ट्रीय विजेतेपद कधीच मिळालं नाही. २०१३ मध्ये तिच्या संघाने शेवटच्या सोळांत मजल मारली. त्याआधीच्या फेरीत त्यांनी हरवलं होतं नॉर्थ कॅरोलिनाला, तिला सातवीत शिष्यवृत्ती देऊ करणाऱ्या विद्यापीठाला, आणि तेही स्वतःच्या घरच्या मैदानावर. मग केंटकीकडून ते हरले. तो सामना झाला ब्रिजपोर्टला, म्हणजे कनेक्टिकट राज्यातच. तिच्या कॉलेजच्या खेळाचा शेवट अशा रीतीने तिथेच झाला.

पुढचं थोडक्यात सांगते. व्यावसायिक खेळाडूंच्या निवडीत तिला शिकागोने दुसऱ्या क्रमांकावर घेतलं, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळालं. २०१७ मध्ये ती वॉशिंग्टनच्या संघात आली. शिकागोपेक्षा वॉशिंग्टन घराला पुष्कळ जवळ, आणि हे तिने लपवलंही नाही. २०१९ मध्ये त्या संघाने विजेतेपद मिळवलं, तेव्हा ती पाठीच्या दुखण्यासह खेळत होती. २०२५ मध्ये ती निवृत्त झाली. पण हे सगळं घडलं म्हणून २००८ चा निर्णय बरोबर ठरला, असं मला म्हणायचं नाही. यातलं काहीच घडलं नसतं, ती विल्मिंग्टनमध्ये एखादी साधी नोकरी करत राहिली असती, तरी बहीण तीच होती आणि अंतर तेच होतं.

अमेरिकेत हे पूर्वीही घडलेलं आहे. थोर खेळाडू लॅरी बर्ड १९७४ साली इंडियाना विद्यापीठात गेला आणि महिन्याभराच्या आत घरी परतला. फ्रेंच लिक या त्याच्या गावापासून विद्यापीठ काही फार दूर नव्हतं. पण हा गरीब घरातला, लहान गावातला मुलगा हजारो विद्यार्थ्यांच्या त्या गर्दीत बुजला. पुढचं वर्षभर तो गावच्या नगरपालिकेत राबला, कचऱ्याच्या गाडीवरही. मग इंडियाना स्टेट या दुसऱ्या विद्यापीठात गेला आणि १९७९ मध्ये तो संघ थेट राष्ट्रीय अंतिम सामन्यात! तिथे मॅजिक जॉन्सनच्या संघाने त्यांना हरवलं.

त्या काळी कॉलेज बदलणाऱ्या बास्केटबॉलपटूला बहुधा एक वर्ष सामन्यांबाहेर बसावं लागे. घरात कुणी आजारी असेल तर सवलत मिळू शके, पण त्यासाठी अर्ज, कागदपत्रं, डॉक्टरांचे दाखले. २०१२ मध्ये तर एक अटही आली, की नवं कॉलेज त्या आजारी माणसाच्या घरापासून शंभर मैलांच्या आत असावं. म्हणजे माया मैलांत मोजायची! मला आधी हसू आलं. मग वाटलं, निदान अंतराला महत्त्व असतं हे त्या कचेरीने मान्य तरी केलं होतं. आता सारंच पालटलं आहे. २०२१ पासून एकदा, आणि २०२४ पासून अभ्यास नीट असेल तर हवं तितक्या वेळा कॉलेज बदला, लगेच खेळा. आता खेळाडूंना पैसेही मिळतात, आणि पुष्कळ जण त्यासाठी जातात. जावोत. कारण सांगावं लागत नाही ही सोय चांगलीच आहे. त्या गर्दीत एखादी घराकडे निघालेलीही असेल.

माझी ती विद्यार्थिनी मला तीनेक वर्षांपूर्वी एसटी स्टँडवर भेटली. तिने ओळखलं, मी नाही. वाकून नमस्कार केला. बाकावर शेजारी बसलो. मी धीर करून विचारलं, “अगं, तेव्हा तू परत का आली होतीस?” ती हसली. “आता काय करायचंय ते, बाई?” म्हणाली. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी तिला ही एलेनाची गोष्ट सांगितली. दोन दिवस, बहीण, व्हॉलीबॉल, सगळी. तिने मन लावून ऐकली. संपल्यावर तिने एकच प्रश्न विचारला.

“परत आल्यावर तिला खेळायला कुठं मिळालं?”

“घरापासून अर्ध्या तासावर विद्यापीठ होतं तिच्या,” मी म्हटलं.

“हां,” ती म्हणाली, “मग बरोबर.” तिची गाडी फलाटाला लागली होती. पिशवी उचलून ती उठली.