खानदेशांतील निद्रिस्त शत्रु

उत्तरेकडील थंड प्रदेशांत आणि उंच पर्वतांवर नखाएवढे पतंग आढळतात. थंडी पडूं लागली कीं त्यांपैकीं कित्येकांच्या अळ्या अन्न सोडून निद्रिस्त होतात व ऊब येतांच जाग्या होतात. खानदेशांत बर्फ पडत नाहीं. तथापि येथील एका पतंगासहि ही विद्या साधली आहे, आणि तिची किंमत जळगांव-धुळ्याचा कापूस पिकविणारा शेतकरी मोजीत आहे. हा पतंग गुलाबी बोंडअळीचा होय.

रंगानें तपकिरी व लांबीनें जेमतेम एक सेंटिमीटर असा हा जीव रात्रीं उडतो. भारतांतील कपाशीवर सांपडलेल्या नमुन्यांवरून साँडर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञानें १८४३ सालीं त्याचें वर्णन केलें. अळी कोंवळ्या बोंडांत शिरते, मागचें छिद्र बुजतें आणि बोंड वरून निकोप दिसतें. त्यामुळें फवारलेलें औषध तिला पोंचत नाहीं. न उमलतां मिटून राहिलेलें फूल, म्हणजे डोमकळी, ही तिच्या आगमनाची खूण. हिवाळ्यांत अनेक अळ्या दोन सरक्या एकत्र जोडून त्यांत निजतात.

२००२ सालीं बीटी कपाशीस परवानगी मिळाली, तेव्हां हें संकट टळलेंसें वाटलें. परंतु पुढें ही अळी त्या वाणांसहि जुमानीनाशी झाली आणि २०१७ सालीं महाराष्ट्रांत तिनें मोठा उत्पात केला. विहिरीच्या पाण्यावर मे महिन्यांत लागवड करावयाची आणि फरदडीसाठीं तीच कपाशी उन्हाळ्यापर्यंत राखावयाची, म्हणजे पतंगास अन्नछत्रच उघडून देणें होय.

उपायहि त्या निद्रेंतच आहे. जागा झालेला पतंग थोडेच दिवस जगतो. तेवढ्यांत कपाशीला पात्या-फुलें नसलीं तर त्याचा वंश खुंटतो. म्हणून डिसेंबरअखेर शेत मोकळें करावें, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवूं नयेत, लागवड जूनमध्यें करावी. कामगंध सापळ्यांत सलग तीन रात्रीं आठ-आठ पतंग सांपडले तरच औषध फवारावें. अमेरिकेनें अशा उपायांना वंध्य पतंग सोडण्याची जोड दिली आणि २०१८ सालीं आपली कपाशी या किडीपासून मुक्त झाल्याचें जाहीर केलें.

शहरांत बसून हा उपदेश करणें सोपें आहे. ज्याचें कर्ज फिटलेलें नाहीं, त्याला जानेवारींतील दोन वेचण्या सोडावयास सांगणें कठीण! शिवाय एकट्यानें शेत मोकळें करून भागत नाहीं, कारण पतंगाला बांध कळत नाहीं. सारें गांव एका विचारानें वागेल, तरच ही निद्रा त्या शत्रूची अखेरची ठरेल.