एकच बायबल, दोन मते



एका धर्माचे लोक एकाच पक्षास मते देतात, असा समज सर्वत्र आढळतो. अमेरिकेतील ख्रिस्ती मतदार तो खोटा ठरवितात. २०२० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी दहांतील सुमारे आठांनी रिपब्लिकन ट्रम्प यांस मत दिले. कृष्णवर्णीय प्रॉटेस्टंटांपैकी दहांतील सुमारे नवांनी डेमोक्रॅटिक बायडेन यांस दिले. बायबल एकच, ख्रिस्तही एकच. मग मते विरुद्ध का?

गोऱ्यांच्या त्या चर्चमध्ये गर्भपातबंदी हा श्रद्धेचा प्रश्न मानला गेला. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये मोझेसने गुलामांना सोडविल्याची कथा पिढ्यानपिढ्या सांगितली गेली. तेथूनच मार्टिन ल्यूथर किंग उभे राहिले. आणि १९६५ साली डेमोक्रॅटिक अध्यक्ष जॉन्सन यांनी मतदान हक्काच्या कायद्यावर सही केली. ज्यांचे मत हिरावले गेले होते, ते ही सही विसरले नाहीत.

सारांश, धर्म मनुष्यास न्यायाचे माप देतो. ते माप कोठे लावावयाचे, हे त्याने भोगलेले जीवन ठरविते. म्हणून स्वधर्मीय उमेदवार दारी आला, तरी त्यास एवढेच विचारा: तुमच्या पक्षाने आमच्या हक्कासाठी कोणता कायदा केला?