मानाचा फेटा
(नाशिक येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



पागोटे उतरवून दुसऱ्याच्या पायांवर ठेवणे, याहून मोठी शरणागती आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हती. बोडक्या डोक्याने चारचौघांत जाणे असभ्यपणाचे मानीत. पगडी पगडबंदाकडून तयार बांधून येई. फेटा ज्याचा त्याने बांधावयाचा. त्याच्या पेचांवरून गृहस्थाची जात, पेशा व प्रांत जाणता मनुष्य ओळखी. शिंदेशाही आणि होळकरशाही पगड्या तर थेट दरबारच सांगत.

1888 साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सत्कारास महात्मा फुले गेले ते शेतकऱ्याच्या वेषात, डोईस फाटके पागोटे घालून. जरीच्या पगड्यांच्या त्या सभेत खरा देश कोणता, हे त्यांना दाखवावयाचे होते. पुढे 1920 च्या असहकारितेत खादीच्या टोपीने वकील व नांगऱ्या यांना एका पंक्तीस बसविले. मौज अशी की, गांधीजींनी स्वतः 1921 मध्येच ती सोडली! त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेत आणि लासलगावच्या कांदाबाजारात वडीलधाऱ्यांच्या डोईवर पांढरी टोपी आजही दिसते. पगडीचा वादही सरलेला नाही. 2018 साली शरद पवार यांनी पुणेरी पगडीऐवजी फुले पगडी वापरावी असे सांगितले, तेव्हा ती येवल्याचे आमदार छगन भुजबळ यांच्या मस्तकी चढली.

परंतु मला बोलावयाचे आहे ते आपल्या मांडवाविषयी. लग्नाची यादी होते तीत मानाच्या फेट्यांचा आकडा दरसाल फुगतो. नाव मागाहून पुकारले म्हणून पाहुणे पंगतीवरून उठतात. एवढे करून तो फेटा मांडवाबाहेर पडताच पिशवीत जातो, आणि टोपी-टॉवेल तर पेटीतून निघून पुढल्या लग्नात दुसऱ्याच्या हाती पडतात. कर्ज मात्र वधूपित्याच्या नावे राहते. ज्या माउलीने वर्षभर तयारी केली, तिचे नाव कोणी पुकारीत नाही; ती विधवा असेल तर मांडवाच्या कडेला उभी असते. हा मान म्हणावयाचा की मानाचे सोंग?

माझी सूचना अशी: दोन्हीकडचे वडील व मामा एवढ्यांनाच फेटा असावा. पहिला सत्कार दोन्ही मातांचा व्हावा, मग त्या सुवासिनी असोत वा नसोत. उरलेली रक्कम मुलींच्या उच्च शिक्षणाच्या निधीस द्यावी. कार्यकारी मंडळाने हा ठराव आजच मतास टाकावा, अशी विनंती आहे.