मिटलेलं भांडणही मुलांना दिसू द्या

(जवाहरनगर, जि. भंडारा येथे माध्यमिक शिक्षकांच्या अधिवेशनात केलेले अध्यक्षीय भाषण)



 आपली ही वसाहत आयुध निर्माणीची; २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटात इथले कामगार गेले. बाप ड्युटीवर गेला की घरच्यांचा जीव टांगणीला लागतो, हे इथल्या लेकरांना सांगावं लागत नाही. बाहेर एवढी जोखीम असताना घरात तरी निर्धास्त वाटावं, ही त्यांची अपेक्षा रास्त आहे. आज मी त्याबद्दलच बोलणार आहे.

नववीतली एक मुलगी मला म्हणाली होती, "बाबा गाडी स्टँडवर कशी लावतात, त्या आवाजावरून कळतं मला, आज घरात काय होणार ते." गाडी आदळली की ती धाकट्या भावाला घेऊन शेजारच्या काकूंकडे जायची. पुढ्यात गणिताची वही असायची आणि कान फाटकाकडे. प्रगतिपुस्तकावर शेरा होता : अभ्यासात लक्ष नाही. लक्ष होतं, पण ते सगळं घरावर पहारा देण्यात खर्ची पडत होतं.

पॅट्रिक डेव्हिस आणि मार्क कमिंग्ज या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये 'भावनिक सुरक्षितते'ची मांडणी केली, ती याच पहाऱ्याबद्दल आहे. आईवडील भांडतात तेव्हा मूल कोण चूक, कोण बरोबर हे तोलत बसत नाही. आपलं घर टिकेल ना, ही त्याची धास्ती असते. मग ते मध्ये पडतं, घराबाहेर राहू लागतं किंवा आतल्या आत मिटून जातं. त्यांच्या अभ्यासाने एक दिलासाही दिला आहे. वाद मुलांसमोर समंजसपणे मिटला, तर ही धास्ती बरीच ओसरते. मात्र दिवसेंदिवस धरलेला अबोला आरडाओरड्याइतकाच पोखरतो. 'आम्ही मुलांसमोर भांडत नाही' एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आपल्या विदर्भाच्या मातीतलं महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' हे नाटक आठवा. कुटुंबप्रमुख तात्याजींच्या मृत्यूनंतर मोठी माणसं वाटणी, दागिने आणि खर्चाच्या हिशेबात गुंतलेली असतात. त्याच वाड्यात तात्याजींची नातवंडं पराग आणि रंजू वाढत असतात. पराग दारूकडे वळतो, रंजू शिकवणीच्या मास्तरबरोबर निघून जाते. त्या दोघांना काय होतंय, हे विचारायला कुणाला सवड नसते. हे नाटक रंगभूमीवर येऊन चाळीस वर्षं होऊन गेली, तरी तसे वाडे, तसे फ्लॅट आणि तसे क्वार्टर आजही आहेत.

काही आकडेही पाहा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या सुमारे ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार आढळले. अठरा वर्षांखालील मुलांच्या आत्महत्यांच्या कारणांत राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग 'कौटुंबिक समस्या' सर्वांत वर नोंदवतो. एवढ्या टोकाला जाण्यामागे एकच कारण क्वचित असतं. पण या नोंदीकडे काणाडोळा करता येणार नाही.

पालकहो, मतभेद होणारच. पण 'तुझ्या बापाला सांग', 'तुझ्या आईला विचार' असं म्हणून मुलांना निरोप्या करू नका, साक्षीलाही उभं करू नका. रात्री वाजलं असेल, तर सकाळी दोघांनी मिळून सांगा : आमचं मिटलं, यात तुझा काही दोष नाही. वेगळं व्हायचं ठरलं असेल, तर तेही दोघांनी मिळूनच सांगा. मात्र जिथे मारहाण आहे, तिथे 'मिटवून घ्या' म्हणणं हा अन्याय आहे. तिथे २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे, मुलांसाठी १०९८ हा मदत क्रमांक आहे.

शिक्षकांनो, एखादं मूल शाळा सुटल्यावरही रेंगाळत असेल, वर्गात पेंगत असेल, एकाएकी चिडकं झालं असेल, तर शेरा मारण्याआधी त्याला बाजूला बोलवा. त्याने सांगितलेलं स्टाफरूममध्ये चघळू नका. गरज दिसली तर 'टेलिमानस' या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक द्या, सरकारी रुग्णालयाच्या समुपदेशकाकडे स्वतः सोबत जा.

आपल्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला विश्वासाने बोलता येईल असं एक तरी मोठं माणूस शाळेत असलंच पाहिजे. ते माणूस कोण, हे प्रत्येक शाळेने उद्याच ठरवावं, अशी माझी आपणा सर्वांना कळकळीची विनंती आहे.