डुकरांचा ताप आणि हॉटेलातलं उष्टं

2020 साली आसाम आणि अरुणाचल प्रदेशात डुकरं पटापट मरू लागली. भोपाळच्या प्रयोगशाळेनं निदान केलं: आफ्रिकन स्वाइन फिव्हर. भारतातली ही पहिलीच नोंद. हा विषाणू त्याआधी 2018 मध्ये चीनमध्ये पोचला होता.

माणसाला हा रोग होत नाही. डुकराला मात्र सडकून ताप येतो, कान आणि पोट लालनिळं पडतं, आणि तीव्र साथीत बहुतेक कळप संपतो. उपचार नाही.

खरी मेख आहे हॉटेलातल्या उष्ट्यात. स्वस्त पडतं म्हणून ते सर्रास घातलं जातं. त्यात डुकराच्या मांसाचा एखादा बाधित तुकडा असला, की विषाणू थेट कळपात. खारवलेल्या मांसातही तो महिनोन्महिने टिकतो. उष्टं द्यायचंच तर ढवळत ढवळत अर्धा तास तरी खळखळ उकळा. माझं विचाराल तर न दिलेलंच बरं.

दाराशी जंतुनाशकाचं पाणी ठेवलं म्हणून निर्धास्त होऊ नका. चिखलानं माखलेले बूट त्यात बुडवून काही साधत नाही. आधी शेण-माती घासून काढावी लागते. व्यापाऱ्याची गाडी फाटकाबाहेरच थांबवा, नवं जनावर महिनाभर वेगळं बांधा.

आणि एक कळकळीची विनंती: आजारी डुक्कर घाईनं विकू नका, मेलेलं ओढ्यात टाकू नका. लगेच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.